पूलचं मिठाचं मशीन स्वतः बसवायचं का? पैसे भरण्याआधी हे वाचा

गडब : मुंबई-गोवा महामार्गालगत वडखळ, गडब, कासूपासून खाली रोहा-कोलाडपर्यंत फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढले, तसे स्विमिंग पूलही वाढले. त्यांची देखभाल बहुतेक गावातलीच मुलं करतात. आता टीसीएल पावडरऐवजी 'सॉल्ट क्लोरिनेटर', म्हणजे मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं मशीन घेण्याकडे कल आहे. मालक मुंबईहून मशीन पाठवतो आणि फोनवर सांगतो, "तूच बसव, सोपं आहे." खरंच सोपं आहे का?

थोडक्यात उत्तर : पाइपाचं काम येत असेल तर करा. विजेचं काम करू नका.

मशीन करतं काय?

पाण्यात मीठ टाकायचं. ते पाणी टायटॅनियमच्या पट्ट्या असलेल्या सेलमधून जातं. पट्ट्यांना कमी दाबाचा डीसी करंट मिळतो आणि मिठातून क्लोरीन तयार होतो. म्हणजे हा पूल 'क्लोरीन नसलेला' नाही. क्लोरीन तोच, फक्त डब्यातून न येता जागेवर बनतो. पाण्यातलं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवावाच लागतो. या मशीनमुळे पीएच हळूहळू वर चढतो, त्यामुळे टेस्ट किट आणि थोडं अ‍ॅसिड सुटत नाही.

आधी हिशोब करा

लांबी × रुंदी × सरासरी खोली (फुटात) × २८.३ = लिटर. ३० बाय १५ फूट आणि ४ फूट खोल पूल म्हणजे साधारण ५१ हजार लिटर.

मीठ : बहुतेक मशीनना हजार लिटरला ३ ते ४ किलो लागतं. साडेतीन किलोने धरलं तर या पूलला सुमारे १८० किलो, म्हणजे ५० किलोची साडेतीन पोती.

मशीन : ऊन असताना रोज लिटरमागे ३ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असं धरा. दिवसाला साधारण १५० ग्रॅम झालं. तासाला २० ग्रॅम देणारं मशीन ८ तास चाललं तर १६० ग्रॅम मिळतं. पण लाइट गेली आणि पंप ५ तासच चालला तर १०० ग्रॅमच. आपल्याकडची लाइट लक्षात घेऊन मशीन एक माप मोठंच घ्या.

मिठागराचं मीठ चालेल का?

पेण-उरणच्या पट्ट्यात हा प्रश्न येणारच. उत्तर, नाही. कच्च्या मिठात माती, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो, पूलला डाग पडतात. ९९ टक्क्यांहून शुद्ध, आयोडीन नसलेलं मीठ घ्या.

दुसरी गोष्ट, खाडीजवळच्या बोअरचं पाणी आधीच खारट असू शकतं. मीठ टाकण्याआधी पाणी तपासा आणि आहे तेवढं वजा करा. मीठ जास्त झालं तर पाणी उपसून काढण्याशिवाय इलाज नाही.

स्वतः करता येईल असं काम

• सेल फिल्टरनंतर, हीटर असेल तर त्याच्याही नंतर, लाइनमध्ये सगळ्यात शेवटी बसतो. पीव्हीसी कापून युनियन जोडता येत असेल तर हे जमतं. सोल्युशन डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्या, मगच पंप चालू करा.
• फ्लो स्विच कधीच बायपास करू नका. पंप बंद आणि सेल चालू राहिला तर बंद पाइपात हायड्रोजन गॅस साठतो आणि स्फोट होऊ शकतो.
• पूलचं प्लास्टर नवीन असेल तर महिनाभर मीठ टाकू नका.
• मीठ टाकताना मशीन बंद, पंप चालू. २४ तास पाणी फिरू द्या, मग मशीन लावा.
• अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. अ‍ॅसिड आणि टीसीएल पावडर कधीच एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन गॅस निघतो.

इथे हात लावू नका

कंट्रोल बॉक्सला २३० व्होल्ट येतात. भिजलेली फरशी, अनवाणी पाय, त्यात खारं पाणी. चूक झाली तर शॉक मशीन बसवणाऱ्याला लागतो, नाहीतर पाण्यात उतरलेल्या पोराला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून बाकी वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. त्याच्याकडून चार गोष्टी करून घ्या : ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, चांगलं अर्थिंग, शिडी-रेलिंग-पंपाचे धातूचे भाग एकमेकांना जोडणं, आणि बॉक्स पूलच्या काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर. मशीनची लाइन पंपाच्या लाइनवरच घ्यायला सांगा, म्हणजे पंप बंद झाला की मशीनही बंद. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

पावसाळा आणि शेजाऱ्याचं शेत

पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं. ते बाहेर जातं ते फिल्टर धुताना आणि पूल भरून वाहिल्यावर. हे पाणी समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं खारट असतं. उधाणात बांधाला खांड पडून शेतात खारं पाणी शिरलं की काय होतं, हे खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको. भाताचं रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात असताना खारटपणा सहन करत नाही. त्यामुळे फिल्टरचं पाणी आणि ओव्हरफ्लो शेत, विहीर, बोअर यांच्याकडे जाणार नाही अशी लाइन आधी काढा. ती कुठे सोडायची हे ग्रामपंचायतीला विचारून ठरवा. तशी जागाच नसेल तर मशीन घेऊ नका.

घ्यायचं की नाही?

पंप रोज चालत असेल, पाहुणे वर्षभर येत असतील, तर मशीनचा उपयोग आहे. फक्त शनिवार-रविवार वापर असेल तर साधा क्लोरीनच परवडतो. सेलच्या पट्ट्या कायमच्या नसतात. काही वर्षांनी बदलाव्या लागतात आणि तोच मोठा खर्च. म्हणून घेताना नुसती मशीनची किंमत विचारू नका. नवीन सेल कितीला आणि कुठे मिळेल, आणि स्वतः बसवलं तर वॉरंटी राहील का, हे बिलावर लिहून घ्या.

आणि मालक फोनवर "वायर पण तूच जोड" म्हणाला, तर सरळ सांगा : पाइप मी जोडतो, वायरिंगला लायसनवाला बोलवा.