घाटाखाली ठिबकणारे तेल

बुलढाणा जिल्ह्याची वाहतूक कळायची तर घाटावर आणि घाटाखाली ही इथली जुनी वाटणी आधी ध्यानात घ्यावी लागते. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव घाटाखाली. रेल्वे आली ती खालच्या सपाटीतून. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावला कापसासाठी फाटा निघाला. माल वरून उतरायचा आणि बाजाराच्या गर्दीत वळायचा, हे तेव्हाच ठरून गेले. बैलगाड्या गेल्या, जीप आली, आता पिकअप आहे. घाटातले वळण आणि बाजार समितीचे आवार मात्र तितकेच अवघड राहिले. पिकअपचा स्टेअरिंग रॅक गळू लागला की दोष शोधायची सुरुवात या दोन ठिकाणांपासून करावी, असे माझे म्हणणे आहे.

1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपचे स्टेअरिंग चालवायला मनगटच लागे. दोष तपासणेही हाताचेच काम होते: चाक हलवायचे, स्टेअरिंग किती मोकळे फिरते ते पाहायचे, ढिलाई कुठल्या जोडात आहे ते ओळखायचे. तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने 1926 मध्ये गाडीवर चालवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत ते 1951 मध्ये, क्रायस्लरने आणले. आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांत ते फार उशिरा रुळले. चालकाच्या खांद्यांचा भार पंपाने आणि रबरी सीलांनी उचलला, आणि मेस्त्रीला ढिलाईबरोबर तेलाची वाटही शोधावी लागू लागली.

गळतीचा दोष बहुतेक जण रस्त्यावर टाकतात. ते अगदीच खोटे नाही. खड्ड्यांनी टायरॉडचे जोड खिळखिळे होतात, रबरी बूट फाटला की धूळ आणि काळ्या मातीचा चिखल रॅकच्या दांड्यावर बसतो, दांड्याला ओरखडे पडतात आणि सील खाल्ले जाते. पण चांगल्या डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्याही गळतात. तेलावरचा दाब गाडीच्या वेगामुळे वाढत नाही. भरलेली गाडी जवळजवळ उभी असताना चाके फिरवली, किंवा स्टेअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवले, की तो चढतो. सोयाबीनची पोती भरलेली गाडी आवारात मागेपुढे करत वजनकाट्यावर चढवणे, राजूर घाटातले वळण कमी गियरमध्ये घेणे, ही ती वेळ. म्हणून गाडी कुठे भरते आणि कुठे वळते, हे चालकाला विचारल्याशिवाय खाली वाकू नये.

मग तपासणी. स्टेअरिंगचे तेल बहुधा लालसर असते, इंजिनचे काळपट. तरी जुने झाले की दोन्ही सारखी दिसतात. म्हणून रॅक आणि वरचे पाइप आधी पुसून कोरडे करावेत. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे, टोकाला क्षणभरच टेकवावे. बुटात तेल साचले असेल तर रॅकच्या टोकाचे सील गेले. इथे एक फसवणूक आहे: अनेक रॅकमध्ये दोन्ही बूट बारीक नळीने जोडलेले असतात, म्हणजे डावीकडचे तेल उजवीकडे दिसू शकते. स्टेअरिंगचा दांडा रॅकला मिळतो तिथे, पिनियनजवळ, ओल असेल तर वरच्या दाबाच्या पाइपाचा जोडही बघावा, कारण तिथले तेल ओघळून अगदी सील फुटल्यासारखे दिसते.

यावर गॅरेजवाल्याचे उत्तर ठरलेले असते: एवढा वेळ कोणाला आहे, अख्खा रॅक बदला. हंगामात गाडी उभी राहिली की भाडे बुडते, त्यामुळे हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. दांड्याला गंज किंवा ओरखडे असतील तर नवे सीलही टिकत नाही, तेव्हा रॅक बदलणेच शहाणपणाचे. पण दोष पाइपात असेल तर नव्या रॅकवरही तेच तेल ओघळणार, आणि ते पुसून पाहायला पाच-दहा मिनिटेच लागतात.