गोळी गिळल्यावर पुढे काय?

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. टीबी निघालाय, औषधं सुरू झालीत. बोलता बोलता कळलं की गर्भनिरोधक गोळ्याही चालूच आहेत, आणि डॉक्टरांना ते सांगितलेलंच नाही! "त्याचा काय संबंध?" म्हणाली. संबंध आहे, आणि तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती लागलं. पण गिळलं की जवळजवळ वाया! कारण आतड्यात शोषलेलं औषध थेट सगळ्या अंगभर जात नाही. ते रक्त आधी यकृतातून जातं, आणि आतड्याचं अस्तर व यकृत मिळून बरंचसं औषध तिथेच मोडून टाकतात. आमच्या भाषेत, फायरवॉल :) मग उरलं इंजेक्शन. ते रोज कोण टोचून घेणार?

१९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होलवेग यांनी इस्ट्रोजेनच्या रेणूला दोन कार्बनचा एक छोटासा गट जोडला. यकृताला तो मोडणं जड जाऊ लागलं. हेच एथिनिल इस्ट्राडायोल, आजच्या बहुतेक गोळ्यांमधलं. पुढे १५ ऑक्टोबर १९५१ ला मेक्सिको सिटीत, सिंटेक्स कंपनीत, कार्ल जेरासींच्या हाताखालच्या लुईस मिरामोंटेस या तरुणाने पोटातून घेता येणारं नॉरएथिस्टेरॉन बनवलं. १९६० मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीत त्याचाच एक भाऊबंद होता.

वाटलं, यकृतावर मात केली. पण १९७१ मध्ये जर्मन डॉक्टरांनी लिहिलं की टीबीसाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्या बायकांना गोळी चालू असूनही मध्येच रक्तस्राव होतोय. मग काहींना दिवस गेल्याच्याही नोंदी आल्या. झालं असं की रिफॅम्पिसिनमुळे यकृतातली एन्झाइम्स वाढतात आणि हार्मोन भराभर मोडलं जातं. औषध थांबवल्यावरही हा परिणाम साधारण चार आठवडे टिकतो. आपल्याकडे टीबीच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन आजही असतंच.

मैत्रिणीला म्हटलं, टीबीची औषधं अजिबात बंद करू नकोस, पण उद्याच डॉक्टरांना सांग. तिने सांगितलं. आता तांबी बसवायचं ठरतंय. तिचं काम गर्भाशयातच चालतं, यकृताचा प्रश्नच येत नाही.

असो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना सांगा. लाजू नका.