प्रकाश-रेडॉक्स उत्प्रेरण

दृश्य प्रकाश शोषणाऱ्या धातुजटिलाच्या किंवा कार्बनी रंजकाच्या साहाय्याने कार्बनी रेणूंमध्ये एकेका इलेक्ट्रॉनाची देवाणघेवाण घडवून नवे बंध जोडण्याची संश्लेषण पद्धती. बहुतेक कार्बनी संयुगे रंगहीन असल्याने दृश्य प्रकाशाने ती उत्तेजित होत नाहीत, आणि जंबुपार प्रारण पुष्कळदा नको असलेले बंधही तोडते. येथे प्रकाश शोषण्याचे काम अल्प प्रमाणात मिसळलेला रंगीत उत्प्रेरक करतो.

उत्प्रेरक : सर्वाधिक अभ्यास झालेला उत्प्रेरक म्हणजे रुथेनियमाचे तीन बायपिरिडिनांशी बनलेले नारिंगी जटिल. सुमारे ४५२ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषला की धातूवरील एक इलेक्ट्रॉन बायपिरिडिनावर जातो आणि रेणू त्रिक अवस्थेत येतो. ॲसिटोनायट्राइलात, ऑक्सिजन नसताना, ही अवस्था सुमारे १ मायक्रोसेकंद टिकते. द्रावणातील दुसऱ्या रेणूशी गाठ पडण्यास एवढा अवधी पुरतो. उत्तेजित जटिल इलेक्ट्रॉन देऊ शकते तसेच घेऊही शकते. दिल्यावर उरते ते प्रबळ ऑक्सिडीकारक (+१.२९ व्होल्ट), घेतल्यावर बनते ते प्रबळ क्षपणकारक (−१.३३ व्होल्ट, दोन्ही मूल्ये संतृप्त कॅलोमेल अग्राच्या तुलनेत). पद्धतीचे सारे सामर्थ्य या दुहेरी स्वभावात आहे. इरिडियमाच्या जटिलांत लिगंड बदलून ही मूल्ये हवी तशी हलवता येतात.

इतिहास : बोलोन्याचे जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथील व्याख्यानात कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाची कल्पना मांडली. रुथेनियम जटिलाचा अभ्यास पुढे मुख्यतः पाण्याचे विघटन आणि सौर ऊर्जा यांसाठी झाला. १९७८ मध्ये केलॉग व सहकाऱ्यांनी त्याच्या मदतीने सल्फोनियम लवणांचे क्षपण केले. हा प्रयोग दीर्घकाळ उपेक्षित राहिला, हे खेदजनक आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टनचे मॅकमिलन व निसेविझ यांनी आल्डिहाइडांचे असममित अल्किलीकरण आणि विस्कॉन्सिनचे यून यांनी एनोनांचे वलयीभवन साध्य केले. पुढल्या वर्षी स्टीफन्सन यांनी हॅलोजन काढून टाकण्याची विक्रिया दिली. त्यानंतर या विषयाला वेग आला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गणेश पांडे यांनी २००८ च्या बऱ्याच आधी प्रकाशप्रेरित इलेक्ट्रॉन स्थानांतरणातून अमाइनांची मूलके घडवून वलये बांधली. त्यांचा संवेदक धातूचा नसून डायसायनोनॅप्थॅलीन हा होता. तत्त्व मात्र हेच, म्हणून त्याचा निर्देश येथे आवश्यक आहे.

निकेलाची जोड : २०१४ मध्ये मॅकमिलन व डॉइल यांनी, तसेच स्वतंत्रपणे मोलँडर यांनी, दोन धातू एकत्र वापरले. मॅकमिलन-डॉइल पद्धतीत इरिडियमाच्या प्रकाशचक्रात कार्‌बॉक्सिलिक अम्लातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून मूलक बनते. निकेल ते पकडून अरिल हॅलाइडाशी जोडते. संतृप्त कार्बनाचे असे बंध पॅलेडियमाच्या रूढ विक्रियांना अवघड जात.

क्रियाविधी : अशा विक्रियांच्या आकृत्यांत सहसा दाखवले जाणारे उत्प्रेरकाचे बंद चक्र नेहमीच खरे नसते. २०१५ मध्ये यून गटाने मॅकमिलन यांच्या अल्किलीकरणाची पुंज कार्यक्षमता मोजली. ती १८ आली. म्हणजे शोषलेल्या एका फोटॉनामागे उत्पादाचे अनेक रेणू बनतात आणि मूलकशृंखला चालते. अशी मोजणी केल्याखेरीज क्रियाविधीविषयी विधान करू नये. निकेल विक्रियांत इलेक्ट्रॉनाचे स्थानांतरण होते की ऊर्जेचे, हे विक्रियेगणिक बदलते असे दिसते.

उद्योग : गडद द्रावणात प्रकाश खोल शिरत नसल्याने बारीक नळ्यांतील प्रवाही विक्रियापात्रे वापरतात. इरिडियम दुर्मिळ असल्याने इओसिनसारखी कार्बनी रंजकेही वापरात आहेत.