मुद्दल किती होते?

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात त्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसे जमली होती. सावकारांची दुकाने व घरे फोडली गेली, धान्य लुटले गेले. पण दंगल पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी नोंदवली: जमाव मागत होता ते कागद. खते, रोखे, वह्या. कागद हाती पडले की त्यांची होळी व्हायची आणि पुष्कळ ठिकाणी दंगल तेथेच थांबायची. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसएक गावांत हेच घडले. त्याआधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातल्या करड्यात गावाने सावकाराचे न्हावी, सुतार, पाणी बंद करून पाहिले होते.

‘दख्खनचे दंगे’ म्हणून हा प्रकार शाळेच्या पुस्तकातही भेटतो. अमेरिकेतले यादवी युद्ध, कापसाची तेजी, १८६५ नंतरची मंदी, इंदापूरकडे वाढलेला शेतसारा ही कारणे सर्वांना पाठ आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला रस आहे तो त्या जळालेल्या कागदांत आणि त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या कायद्यात. कर्जात बुडालेल्या माणसाने करायचे काय, याला त्या कायद्याने दिलेले उत्तर आज वाचतानाही चकित करते.

आधी कागदाचे गणित पाहू. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम जुना आहे: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. मुंबई इलाख्यातली इंग्रजी न्यायालयेही हिंदूंपुरता हा नियम मानत. मग कर्जे वीसपट कशी झाली? दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले होते. याचे उत्तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो बुडीत, असे त्या कायद्याने ठरवले. हेतू कुळाच्या संरक्षणाचा होता. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, एवढीच अपेक्षा होती. घडले ते उलटे. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला आणि जुने मुद्दल अधिक तीन वर्षांचे व्याज हे नव्या खतात सगळेच ‘मुद्दल’ झाले.

शंभर रुपये घेतले, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, असे धरा. तीन वर्षांनी नवे खत एकशे बहात्तर रुपयांचे. सहा वर्षांनी दोनशे शहाण्णवचे. नऊ वर्षांनी पाचशे नऊचे. प्रत्येक वेळी दामदुपट पाळलीच गेली, कारण प्रत्येक खतात व्याज मुद्दलाहून कमीच होते! खताखाली नांगराची निशाणी कुळाची आणि अक्षर कुलकर्ण्याचे. वाचता न येणाऱ्या माणसाने ‘रोख पावलो’ असे लिहून दिलेले असायचे, आणि त्या दिवशी हातात एक पैसाही पडलेला नसायचा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कर्जबाजारी कुणब्याची आणि त्याला नाडणाऱ्या कारकुनांची जी हकीकत मांडली आहे, तिच्या पाठीशी हा रोजचा व्यवहार होता.

पेशवाईत सावकार गरीब गाय होता असे नाही. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने तगाद्याचे प्रकार दिले आहेत: दारात धरणे धरून बसण्यापासून ते डोक्यावर धोंडा देऊन उभे करण्यापर्यंत. मात्र त्या तगाद्याला गावाच्या लाजेची आणि पाटलाच्या शब्दाची मर्यादा होती. नव्या व्यवस्थेत सावकाराला गावाची गरज उरली नाही. तालुक्याच्या न्यायाधीशापुढे खत ठेवायचे, समन्स निघायचे, कूळ यायचे नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. मग जप्ती, किंवा कुळाला दिवाणी तुरुंग. तुरुंगातल्या कुळाच्या जेवणाचा भत्ता सावकाराने भरायचा असे. तरीही त्याला ते परवडे, कारण नुसत्या धाकाने जमीन लिहून मिळे.

या पार्श्वभूमीवर १८७९ चा सतरावा कायदा आला. डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. याने कर्ज माफ केले, असा समज मला पुष्कळदा ऐकू येतो. एक पैचेही माफ केले नव्हते. कायद्याने न्यायाधीशाला सांगितले ते एवढेच: समोरच्या खतावर थांबू नका, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जा. बाराव्या कलमाप्रमाणे कुळाने दावा कबूल केला तरी चौकशी करायची. तेराव्या कलमाप्रमाणे मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडायचा, व्याजावर व्याज धरायचे नाही, आणि अखेरीस व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून जास्त निघाली तर मुद्दलाच्या बाकीची दुप्पट तेवढी देणे समजायची. आपल्या उदाहरणातल्या कुळाने मध्ये काहीच फेडले नसते, तर पाचशे नऊच्या खतावर त्याला दोनशे रुपये देणे लागले असते. सुप्याच्या बाजारात आगीने जे करून पाहिले, ते या कलमाने गणिताने केले, असे माझे मत आहे.

बाकीची कलमेही अशीच हातात धरून वापरता येण्याजोगी होती. सावकाराच्या दाव्याची वाट न पाहता कूळ स्वतः हिशेबाचा दावा लावू शके. देणे ठरले की हप्ते बांधून मिळत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. जी जमीन नावानिशी गहाण दिलेली नाही, ती जप्त करून विकता येईनाशी झाली. पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेला शेतकरी नादारीचा अर्ज करू शके. दाव्याआधी सरकारने नेमलेल्या कन्सिलिएटरपुढे, म्हणजे तडजोड घडवणाऱ्यापुढे, जाणे सक्तीचे होते. त्याच्या दाखल्याशिवाय दावाच दाखल होत नसे. खत गाव-रजिस्ट्रारपुढे व्हायचे आणि त्यात जुन्या खतांचा उल्लेख यायचा. पैसे फेडले की लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा आणि मागितले तर पासबुक, हा कुळाचा हक्क ठरला. दावा लावण्याची मुदतही वाढवली: नोंदलेल्या खताला बारा वर्षे. तीन वर्षांच्या फेरखताचे कारणच काढून घेतले.

महादेव गोविंद रानडे १८८७ मध्ये या कायद्याखालचे स्पेशल जज्ज झाले आणि १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंत त्या कामावर होते. चारही जिल्ह्यांतल्या न्यायालयांची तपासणी करत फिरणे हे ते काम. रानड्यांच्या चरित्रांत या वर्षांना फार कमी जागा मिळते, हे मला खटकते. अर्थशास्त्रावर ते जे बोलले, त्यामागे या फिरतीत पाहिलेली कुळे असणारच.

मग कूळ सुटले का? येथे कायद्याची कड दिसते. हिशेब मागायचा तो कोणाकडे, तर पेरणीच्या आधी ज्याच्याकडे बियाण्यासाठी पुन्हा जायचे त्याच्याकडेच. कोर्टात सावकाराला उभे करणारे कूळ पुढच्या जेष्ठात कोणाच्या दारात उभे राहणार होते? हे कळणारे लोक होते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली, रानड्यांनी तिचा पाठपुरावा केला, पण विलायतेतून नकार आला. १८८३ आणि १८८४ चे तगाईचे कायदे आले, सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ उजाडले. मधली वीस-पंचवीस वर्षे हिशेब मागण्याचा हक्क होता, दुसरे दार जवळपास नव्हते.

सावकारानेही वाट शोधलीच. गहाणखताचा हिशेब उघडला जातो ना, मग गहाणखत करायचेच नाही. साधे खरेदीखत करून घ्यायचे आणि ‘पैसे दिलेस की जमीन तुझी’ हे तोंडी सांगायचे. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे लेखी खताविरुद्ध तोंडी बोलणे ऐकले जात नसे. म्हणजे ज्या कुळाला पूर्वी निदान ‘गहाण’ हा शब्द कागदावर मिळत होता, त्याच्या हातून तोही गेला. जुनी खते चाळताना मला सर्वांत अस्वस्थ करतात ती ही. किंमत संशयास्पद कमी, ताबा मूळ मालकाकडेच, खंडाने कसायला दिलेला. खंड म्हणजे अर्थात व्याज. पुढे कायद्यात दहा-अ हे कलम घालावे लागले: शेतकरी पक्षकार असेल तर खरेदीखत प्रत्यक्षात गहाण होते, हे दाखवायला तोंडी पुरावा चालेल. तोवर कित्येक जमिनी फिरून गेल्या होत्या.

ती युक्ती अजून संपलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अठरावे कलम आहे. सावकाराने कर्जाच्या तारणापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार त्याखाली जिल्हा उपनिबंधकाला आहे. अर्ज कर्जदाराने करायचा असतो, आणि पहिला प्रश्न आजही तोच असतो: प्रत्यक्ष हातात पैसे किती पडले होते, आणि कधी.