एचआयव्ही असताना मेंदूत गाठ: संसर्ग की कॅन्सर, डॉक्टर कसं ओळखतात?

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला फिट आली, हात-पाय लुळा पडला आणि एमआरआयमध्ये गाठ दिसली, तर ती कसली? टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग, टीबीची गाठ की लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर? तिन्हींचे उपचार वेगळे असतात.

फक्त स्कॅन का पुरत नाही?
कडा चमकणारी, कड्यासारखी गाठ तिन्हींत दिसू शकते. एकच मोठी गाठ असेल तर लिम्फोमाचा संशय वाढतो, पण खात्री होत नाही.

कोणत्या तपासण्या होतात?
- सीडी4: लिम्फोमा बहुतेकदा ही संख्या 50 च्या खाली गेल्यावर होतो.
- रक्त: टोक्सोच्या अँटिबॉडी नसतील, तर तो संसर्ग असण्याची शक्यता कमी होते.
- पाठीतलं पाणी: एचआयव्हीमध्ये या लिम्फोमामागे जवळपास नेहमी एपस्टीन-बार विषाणू असतो. पीसीआर चाचणीत तो शोधतात. मेंदूवर दाब असेल तर पाणी काढणं धोक्याचं ठरतं.

तरीही कळलं नाही तर?
अनेकदा आधी टोक्सोची औषधं सुरू करतात. 10 ते 14 दिवसांत फरक पडला नाही, तर बायोप्सी करतात. पक्कं निदान तिथेच होतं.

स्टेरॉइड सांभाळून
स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता आकसतो आणि बायोप्सीत सापडत नाही. त्यामुळे जिवाला धोका नसेल, तर बायोप्सीआधी ते टाळतात.

लिम्फोमा निघाला तरी एआरटी आणि मेथोट्रेक्सेटने उपचार होतात. एआरटी नियमित घेणाऱ्यांमध्ये हा आजार मुळातच दुर्मीळ आहे.