प्रवासी चूल आणि तिचे इंधन

लढाया, तह आणि राजकुळे यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु घराबाहेर पडलेला मनुष्य अन्न कशावर शिजवितो, या साध्या प्रश्नाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. पेणच्या रामवाडीहून सांकशीच्या, अथवा रोह्याहून अवचितगडाच्या वाटेस लागणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत आज जी चिमुकली चूल दिसते, तिच्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांची खटपट आहे.

पूर्वीच्या प्रवाशाची चूल म्हणजे तीन दगड आणि भोवतालच्या काटक्या. ती वाहून न्यावी लागत नसे म्हणून फुकट वाटे; वस्तुतः तिची किंमत रान देत असे. लाकडाचे मोल आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हते असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार करतानाही रयतेने जोपासलेल्या आंबा-फणसास हात लावू नये, अशी ताकीद आहे.

1892 च्या सुमारास स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने बिनवातीचा प्राइमस स्टोव्ह सिद्ध केला. पंपाने टाकीत हवा भरली की रॉकेल तापलेल्या नळीत चढून त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून निघून निळ्या ज्योतीने, जवळजवळ काजळीवाचून जळते. 1895 साली उत्तर ध्रुवाच्या रोखाने बर्फावरून 86 अंशांपलीकडे गेलेल्या नान्सेनजवळ हाच स्टोव्ह होता. पुढे त्याच जातीचा भरभरणारा स्टोव्ह आपल्या माजघरातही आला, आणि छिद्र साफ करण्याची पिन घरोघरी परिचयाची झाली.

आजच्या प्रवाशापुढे निवड अधिक आहे. स्पिरिटची चूल वजनाने सर्वांत हलकी व बिघडण्यासारखे काही नसलेली. परंतु शेरास शेर तोलले असता स्पिरिटची उष्णता रॉकेलच्या सुमारे तीन-पंचमांश भरते, आणि उन्हात तिची ज्योत दिसत नाही. ब्यूटेन गॅसची डबी सोयीची खरी; मात्र शून्य अंशाच्या सुमारास ब्यूटेनची वाफ होईनाशी होते. म्हणून हिमालयात जी उणीव, ती कोकणात जाणवत नाही. एका मुक्कामाच्या गडफेरीस गॅस किंवा स्पिरिट पुरे. दीर्घ व थंड प्रवासास रॉकेलचा जड स्टोव्हच अखेर हलका ठरतो, असे आमचे मत आहे.

कोणतीही चूल असो, दिवाळीनंतर गडावरचे गवत वाळले म्हणजे ती उघड्या कातळावरच मांडावी, बंद राहुटीत पेटवू नये, आणि रिकामी डबी खाली आणावी. एका ठिणगीने डोंगरचा डोंगर वणव्यात जातो.

नान्सेनने चूल बरोबर नेली, कारण बर्फावर लाकूड नव्हते. आपल्या डोंगरांत ते अद्याप आहे. आणि ते तसेच राहावे, हेच आपण चूल बरोबर नेण्याचे कारण होय.