तातडीच्या वैद्यकातील सन्मान, अर्विंग

टेक्सास राज्यातील डॅलसलगतच्या अर्विंग शहरात मुख्यालय असलेल्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स’ या संस्थेतर्फे दिले जाणारे पुरस्कार. संस्था 1968 मध्ये मिशिगनमध्ये स्थापन झाली. पहिले अध्यक्ष जॉन विगनस्टीन यांच्या नावाने नेतृत्वाचा पुरस्कार आहे. दुसरा महत्त्वाचा पुरस्कार जेम्स मिल्स यांच्या नावाचा, आणि त्यामागची हकिकत अधिक बोलकी आहे. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाच्या रुग्णालयात आपत्कालीन कक्ष सांभाळायला पुरेसे डॉक्टर मिळत नसत. 1961 मध्ये मिल्स यांनी खासगी व्यवसाय सोडला आणि तीन सहकाऱ्यांसह पाळ्या लावून तो कक्ष अहोरात्र चालवला. पुढे 1979 मध्ये तातडीचे वैद्यक ही शाखा अमेरिकेत 23वी वैद्यकीय विशेषज्ञता म्हणून मान्य झाली. म्हणजे हे सन्मान एखाद्या शोधापेक्षा शाखा उभी करण्याच्या खटपटीचे आहेत. पात्र सदस्यांना संस्था ‘फेलो’ हा मानही देते. तो नावापुढे ‘एफएसीईपी’ असा लावतात. भारतात मात्र या विषयाच्या एम.डी.ला 2009 मध्ये मान्यता मिळाली.